सहाव्या चित्रातली रेघ

“बाई, द्या ती फाइल इकडे, मी ठेवते वरच्या फळीवर,” सिस्टर दारातूनच म्हणाली. फाइल हातात होती हे खरं. पण तिच्यातलं सहावं चित्र त्या घटकेला निम्मं फाइलमध्ये आणि निम्मं बाईंच्या पर्समध्ये होतं.

“असू दे हो, मीच ठेवते,” बाई म्हणाल्या आणि अंग आडवं घालून त्यांनी कपाट झाकलं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कपाटाआड चोरी करायची वेळ आली, असं त्यांच्या मनात आलं खरं, पण हात काही थांबला नाही. कागद आत सरकला. पर्सची चेन मात्र अर्ध्यावर अडकून बसली.

“आज परीक्षा ना तुमची?” सिस्टर आत येऊन टॉवेलांचा गठ्ठा उचलू लागली.

“परीक्षा कसली! मॅडम बघायला येणार, एवढंच.”

“तोंड तर असं झालंय, जसं काही तुम्हालाच भूल द्यायचीय.” सिस्टर हसली. “काही होत नाही हो. माझ्या परीक्षेत मी घाबरून सुई स्वतःच्याच बोटात टोचून घेतली होती. तरी पास केलं मला.”

ती गेली. बाईंनी चेन खसकन ओढली, तशी चित्राच्या कोपऱ्याला घडी पडल्याचं बोटांना कळलं. घड्याळात साडेनऊ वाजले होते. मॅडम दहाला येणार होत्या.

पुनर्वसन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरची ही खोली मुळात चादरी-टॉवेलांची. एक भिंत अजूनही त्यांनीच अडवलेली. उरलेल्या जागेत एक लांब टेबल, चार खुर्च्या, तेलखडूंचे डबे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा, एक छोटा ड्रम आणि हे फायलींचं कपाट. पक्षाघाताच्या झटक्याने किंवा अपघाताने ज्यांची वाचा गेली, हात गेले, नाहीतर नुसताच जीव आत कोंडला गेला, अशी माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी इथे यायची. रंग, माती, ताल, जे हाताला लागेल त्यातून आतलं बाहेर यायला वाट करून द्यायची, हे बाईंचं काम. या शिक्षणाला अभिव्यक्ती-उपचार असं भारदस्त नाव होतं. बाईंच्या नवऱ्याने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, “म्हणजे शाळेत करतेस तेच की! फक्त मार्क द्यायचे नाहीत.” बाई तेव्हा दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

कारण शाळेत त्या जे करत होत्या, त्यापासूनच त्यांना पळायचं होतं. एकोणीस वर्षं चित्रकला शिकवली. मुलांनी ठेवलेलं नाव ‘खोडरबरबाई’. ते नाव त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. बाकांमधून फिरताना एका हातात रबर, एका हातात पेन्सिल. वाकडी भिंत दिसली की खोड, सरळ कर, पुढे चल. मग दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या सहावीच्या वर्गात फिरत होत्या, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने त्या जवळ येताच कोपर पुढे घेऊन चित्र झाकलं. दुसऱ्या बाकावरच्यानेही झाकलं. तिसऱ्यानेही. बाई चालत राहिल्या आणि त्यांच्या पुढे-पुढे रांगेतली कोपरं चित्रांवर येत गेली. कुणी मुद्दाम करत नव्हतं, एकमेकांकडे बघूनही करत नव्हतं. बाईंच्या लक्षात आलं की हे आजचं नाही, हे एकोणीस वर्षं चाललंय आणि आपल्याला ते आज दिसलं. त्या दिवशी तास संपेपर्यंत त्या खुर्चीवर बसून राहिल्या. घरी जाऊन रडल्या. नवऱ्याला वाटलं, शाळेत भांडण झालं.

तिथून हे शिक्षण सुरू झालं. शनिवार-रविवारचे वर्ग, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर जमिनीवर बसून मातीत हात घालणं, आणि शेवटी एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन या केंद्रात प्रत्यक्ष काम. त्या कामाच्या शेवटी शिकवणाऱ्या मॅडमची सही. सही झाली की केंद्र त्यांना ठेवून घेणार होतं. रजा मात्र संपत आली होती, सोमवारी शाळा. मुख्याध्यापकांचा सकाळीच फोन येऊन गेला होता. “सोमवारी पहिला तास पाचवी क,” ते म्हणाले, “येताय ना? नसाल येत तर आजच्या आज कळवा, मला दुसरं माणूस बघावं लागेल.” नवऱ्याने चहा पिता पिता निकाल लावला होता. “सही झाली तर राजीनामा, नाही झाली तर पाचवी क. डोकं कशाला शिणवायचं?”

डोकं शिणायचं कारण पर्समध्ये होतं.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. समोरच्याच्या चित्राला हात लावायचा नाही. त्याच्या चित्राचा अर्थ त्याला सांगायचा नाही. आणि ‘छान’ म्हणायचं नाही. यातली तिसरी गोष्ट बाईंना सगळ्यात जड गेली. छान म्हणायचं नाही तर मग म्हणायचं काय? पहिला महिनाभर त्या कुणी काही काढलं की “हं... हं...” असं करत बसायच्या आणि संध्याकाळी घसा दुखायचा. पण जमलं. दुसरीही जमली. पहिलीचं त्यांना कधी भयच वाटलं नव्हतं. चित्राला हात लावायचा नाही, यात काय कठीण आहे?

ड्रायव्हरकाका त्यांच्याकडे आले ते खाली मान घालून, चाकाच्या खुर्चीत. अठ्ठावीस वर्षं बस चालवलेला माणूस. झटका आला आणि उजवी बाजू गेली. उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी पडून राहायचा. वाचाही गेली, आणि मागे शब्द राहिला तो एकच: ‘चला’. भूक लागली तरी चला, राग आला तरी चला, लेक भेटायला आली की डोळ्यांत पाणी आणि तोंडात चला. मान हलवतानाही हो आणि नाहीचा घोळ व्हायचा. हवं असलेल्या गोष्टीला नाही म्हणून बसायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. त्यांच्यातर्फे बोलायला काकू होत्या, आणि त्या दोघांपुरतं बोलायच्या.

पहिल्या सत्रात काकांनी खडू फेकून दिला. दुसऱ्यात ड्रमवर एक थाप मारली, तिसऱ्यात पुष्कळ. चौथ्यात डाव्या हाताने कागदावर एक थरथरती तपकिरी रेघ ओढली आणि तिच्याकडे इतका वेळ बघत बसले की बाईंना वेळ संपल्याचं सांगवेना. सहाव्यात त्यांनी एक चौकोन काढायला घेतला. पाऊण तास लागला. रेघ हातभर भरकटायची, परत यायची, थांबायची. तीन बाजू झाल्या. चौथी अर्ध्यावर आली आणि काकांनी खडू खाली ठेवला.

पुढचं बाईंना हजारदा आठवून पाहूनही नीट आठवत नाही. त्या वाकल्या, खडू उचलला आणि उरलेली अर्धी बाजू एका झटक्यात पुरी केली. तोंडाने “इथे जोडायचं, हं” असंही म्हणाल्या. सरळ, ठाम, फूटपट्टीने मारावी तशी रेघ. हात मागे घेतला तेव्हा त्यांना कळलं की हात पुढे गेला होता. काकांनी चौकोनाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग दाराकडे, आणि म्हणाले, “चला.”

सातव्या, आठव्या, नवव्या सत्रात काकांनी खडूला बोट लावलं नाही. ड्रमलाही नाही. पाऊण तास दाराकडे तोंड करून बसायचे. आणि बाईंनी नोंदवहीत लिहिलं: ‘रुग्ण थकलेले वाटले. सहभाग कमी.’ तिन्ही वेळा तेच, फक्त शब्द मागेपुढे. लिहिताना आपला हात कसा जराही थरथरत नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

आता मॅडम फाइल उघडणार, एकेक चित्र बघणार. त्या सावकाश बघतात. त्या डगमगत्या रेघांमध्ये ती एक ताठ रेघ आंधळ्यालाही दिसली असती. चित्रच नसेल तर विचारतील, सहावं कुठाय? काकूंनी नेलं, म्हणायचं. काकू कधीच्या मागत होत्या.

*

पाणी प्यायला बाई बाहेर आल्या, तर लिफ्टपाशीच काकू भेटल्या. एका हाताने काकांची खुर्ची ढकलत, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी.

“बाई, बरं झालं भेटलात! आज तेवढं ते चौकोनाचं चित्र द्या हो मला. लेक येणारे उद्या. भिंतीवर लावते. बाबा बघ कसे सरळ रेघा मारायला लागलेत, म्हणून दाखवते तिला.”

बाईंचा हात पर्सवर गेला. द्यायचं तर आत्ताच देता आलं असतं. सगळंच सुटलं असतं.

“किती सुरेख आलीय ती शेवटची रेघ,” काकू काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. “मी म्हटलं, बघा, हात सुधारला तुमचा. हो ना हो?”

काकांनी मान फिरवली. नुसती फिरवली नाही. जितकी फिरेल तितकी फिरवून भिंतीकडे तोंड केलं. डाव्या हाताने खुर्चीच्या चाकावर थाप मारली, पुन्हा मारली. “चला. चला चला चला!”

“हे असं चालतं दिवसभर,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “स्तुती केली की तर जास्तच चिडतात. माझं काय चुकतं, सांगा बाई.”

“तुमचं काही चुकत नाही, काकू,” बाई म्हणाल्या. गेले दोन आठवडे काकू घरी दुसऱ्याच्याच रेघेची वाहवा करताहेत आणि हा माणूस ती गिळून बसलाय, आणि सांगायला त्याच्याजवळ शब्द नाही. हे आपण केलं. त्या वळल्या आणि जवळजवळ धावतच खोलीकडे गेल्या.

मॅडम आलेल्या होत्या. वयाने बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. रागावल्या की तो आणखी हळू व्हायचा, त्यामुळे वर्गातल्या पोरी त्यांना जास्त घाबरायच्या. त्या फाइल उघडून बसल्या होत्या.

“सहावं चित्र दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. चेन पुन्हा अडकली. एकदा, दोनदा ओढली, निघेना. शेवटी फटीतूनच कागद बाहेर काढला. घडी पडलेला कोपरा त्यांनी बोटांनी सरळ करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

“पर्समध्ये होतं. मी लपवलं होतं,” त्या म्हणाल्या. “यातली ही रेघ माझी आहे.”

मॅडमनी चित्र घेतलं. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

“काकांना माहीत आहे, की तुम्हाला हे कळलंय?”

“नाही.”

“सात, आठ, नऊच्या नोंदी?”

“खोट्या आहेत. म्हणजे थकले नव्हते ते. मला माहीत होतं.”

“रेघेचं मी समजू शकते,” मॅडम हळू म्हणाल्या, इतक्या हळू की बाईंना पुढे झुकावं लागलं. “हात जातो. माझाही गेलाय. मी एकदा एका आजोबांच्या मातीच्या गोळ्याला नाक लावलं होतं. पण मी त्याच दिवशी लिहिलं. नोंदींचं मला समजत नाही, बाई. तुम्ही उद्या एकट्या असाल, कुणी बघायला नसेल, तेव्हा तुमच्या नोंदीवर विश्वास ठेवून डॉक्टर पुढचं ठरवतील.”

“हो.”

“सही होणार नाही आज.”

बाईंनी मान हलवली. त्यांना हे सकाळपासून ठाऊक होतं.

“पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा सहा महिने काम करावं लागेल. पहिल्यापासून. आणि तेही काका तयार असतील तरच. चूक त्यांच्या बाबतीत झालीय. त्यांना तुम्ही नको असाल तर या केंद्रात मी तुम्हाला ठेवू शकत नाही. अकराला सत्र आहे. त्यांनाच विचारा.”

“ते कसं सांगणार, मॅडम? त्यांना हो आणि नाही...”

“ते कसं सांगतील ते बघणं, हेच तर शिकायला आलात ना तुम्ही?”

*

बाई जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला फोन लावला.

“सही नाही झाली.”

“अरेरे,” तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. “मग सोमवारी पाचवी क.”

“सहा महिने पुन्हा करता येईल म्हणतात. पण रजा वाढायची नाही. नोकरी सोडायला लागेल, आणि पुढचं काहीच नक्की नाही. आणि मुळात ड्रायव्हरकाका हो म्हणाले तर.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर शाळा.”

बाईंना वाटलं, आता चिडेल. चिडायचा त्याला हक्क होता. वर्षभर घर त्याने एकट्याने ओढलं होतं, वर बाईंच्या अभ्यासाची चेष्टाही हौसेने केली होती.

“मग काकांना विचार की,” तो म्हणाला. “मला काय विचारतेस? मी काय त्यांचा कंडक्टर आहे?”

बाईंना हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. त्यांनी फोन ठेवला. अकराला सात मिनिटं होती. एवढ्या वेळात त्यांनी काकांना काय सांगायचं ते चार तऱ्हांनी जुळवलं. पहिल्या तऱ्हेत शाळेची सवय येत होती. दुसऱ्यात एकोणीस वर्षं. तिसऱ्यात सोमवार आणि मुख्याध्यापक. चौथी तऱ्हा त्यांनी अर्ध्यावरच टाकून दिली. सगळ्यांत आपणच होतो, काका कुठेच नव्हते.

आणि काकांनी तोंड फिरवलं तर? फिरवलं तर तेच उत्तर. ते समजून घ्यायचं, उठायचं, जिना उतरायचा. बाईंनी घाम आलेले तळवे साडीला पुसले. मुलं तोंडी परीक्षेला कशी उभी राहतात, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत, ते त्यांनी वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं होतं. टेबलाच्या या बाजूला किती गरम होतं ते आज कळलं.

*

काकू दारातच अडून बसल्या होत्या. काय चाललंय त्याचा त्यांना अर्धामुर्धा सुगावा लागला होता. “अहो, येऊ दे म्हणा बाईंना! काय एवढं! एका रेघेचं काय घेऊन बसायचं? मॅडम, मी सांगते ना, त्यांचं काही म्हणणं नाही.”

“काकू, तुम्ही बाहेर बसा थोडा वेळ,” मॅडम म्हणाल्या. काकू बसल्या, पण दाराला कान लावूनच. मॅडम कोपऱ्यात चादरींच्या फळीपाशी वही घेऊन बसल्या.

बाई काकांच्या समोर बसल्या. सहावं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. काकांनी एकदाच पाहिलं आणि नजर दाराकडे नेली.

बाई म्हणाल्या, “काका, चित्र तुमचं आहे. ही एवढी रेघ माझी आहे. मी तुम्हाला न विचारता मारली. आणि नंतर दोन आठवडे मी ते कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. काकूंना वाटतंय, ती तुमचीच आहे. माझं चुकलं.”

काका दाराकडेच बघत होते.

सवय हो, शाळेतली, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“मला अजून सहा महिने यायचंय. मंगळवारी आणि शुक्रवारी. पण तुम्हाला चालत असेल तरच. नको असेन तर मी नाही येणार. तुमच्यावर कुणी रागावणार नाही.”

“चला,” काका म्हणाले.

कुठलं चला होतं हे? बाईंनी त्यांचा चेहरा शोधला. राग होता? होता की. पण सगळा रागच होता का? उजवीकडचा ओठ ओघळलेला, त्यामुळे चेहरा वाचायचा तर निम्माच हाती लागायचा. बाहेर काकूंची खुर्ची करकरली. काहीतरी बोल, काहीतरी विचार, असं बाईंचं मन धोशा लावून होतं, आणि त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिल्या.

मग काकांचा डावा हात उचलला गेला. तो खडूंच्या डब्याकडे गेला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. बोटं डब्यात चाचपडली, दोन खडू सांडले, एक गडगडत जमिनीवर गेला. बाईंनी तो उचलला नाही. तपकिरी खडू बोटांत आला. काढणार, आता काढणार, असं वाटतंय तोवर काकांनी तो बाईंपुढे धरला.

“मी?” बाई म्हणाल्या.

“चला.”

बाईंनी उजवा हात पुढे करून खडू घेतला. घेताक्षणी काकांनी तो त्यांच्या बोटांतून उपसून परत घेतला. जोरात घेतला. बाई दचकल्या, म्हणजे नकोच, हेच उत्तर, असं त्यांना वाटलं. पण काकांनी टेबलावरून वाकून, खुर्चीतून निम्मे बाहेर येत, बाईंचा डावा हात ओढला आणि खडू त्या मुठीत कोंबला. गठ्ठ्यातला एक कोरा कागद मनगटाने ढकलत ढकलत त्यांच्या समोर आणला. नेहमी कागदाला चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली असायची. याला नव्हती.

बाईंनी आयुष्यात डाव्या हाताने कधी सहीसुद्धा केली नव्हती.

त्यांनी खडू टेकवला. पहिली रेघ सुरू झाली आणि लगेच खाली घसरली. वर न्यायला गेल्या तर नको तितकी वर गेली. खडू तिरका झाला, कागद त्याच्याबरोबर सरकला, आणि उजवा हात सवयीने पुढे आला. काकांनी तो मनगटाला धरून उचलला आणि बाईंच्या मांडीवर नेऊन ठेवला. सावकाश, सांभाळून, आपला स्वतःचा दुसरा हात ते असाच उचलून ठेवत. बाईंनी तो तिथेच राहू दिला.

दुसरी बाजू. हे इतकं कठीण असतं? त्यांना खांद्यापर्यंत कळ लागली. रेघ कुठे न्यायची ते डोक्याला पक्कं माहीत होतं आणि हात ऐकत नव्हता. कपाळावर घाम आला. पाचवीतलं पोर यापेक्षा बरं काढेल, खोडून टाकावं, असं सारखं वाटत होतं. मॅडम बघतायत. काका बघतायत. कोपर पुढे घेऊन कागद झाकून टाकावासा वाटला, आणि तसं वाटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिसरी बाजू त्यांनी धूसर दिसत असताना ओढली. चौथी सुरू केली. अर्ध्यावर कागद गर्रकन फिरला आणि रेघ भलतीकडे जाऊन संपली. चौकोन एका बाजूने उघडा राहिला.

बाई थांबल्या. एवढंच उरलं होतं. खडू उजव्या हातात घेतला तर निमिषाचं काम.

काका त्या उघड्या जागेकडे बघत होते. मग त्यांचा डावा हात हलला आणि कागदाच्या दिशेने आला. आता खडू काढून घेतील, बाईंना वाटलं. घेऊन ती जागा बुजवतील, नाहीतर सगळ्यावर काट मारतील, आणि मारली तरी त्यांचा हक्कच आहे. त्यांनी खडू सैल धरला.

काकांनी खडूला हात लावला नाही. त्यांनी पंजा उघडला आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर सपाट ठेवून तो दाबून धरला, घट्ट, नखं पांढरी होईपर्यंत. कागद सरकायचा थांबला. त्यांनी वरही बघितलं नाही.

बाईंनी पुन्हा खडू टेकवला. कुठे न्यायचा ते काही ठरलेलं नव्हतं. रेघ थरथरत उघड्या जागेपाशी आली, तिच्या शेजारून बाहेर पडली आणि कागदाच्या कडेला जाऊन थांबली. खडू थांबला, तरी काकांनी हात उचलला नाही.